किल्ली कुणाकडे?

परवा सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. पिठाचे हात पुसून बघितलं तर विम्याचा मेसेज. आपल्या वाहनाच्या विम्याची मुदत संपत आली आहे, नूतनीकरण करून घ्या. खाली गाडीचा नंबर आणि वर नाव माझं. ह्यांचं नाही, मुलाचं नाही, माझं! तव्यावरची भाकरी करपली, पण मी तो मेसेज दोनदा वाचला. म्हणजे वर्ष झालं की!

गाडी म्हणजे तुम्हाला वाटेल स्कूटी. ती आहेच, गेली अकरा वर्षं दारात. ही दुसरी. अडीचशे सीसीची मोटरसायकल. शर्यतीच्या गाडीसारखी पुढे जरा झुकलेली, पण लांबच्या प्रवासाला पाठ दुखू नये अशी बेताची. पोरं तिला ‘स्पोर्ट्स टूरर’ म्हणतात. वजन एकशे ऐंशी किलो, म्हणजे पन्नास किलोची साडेतीन पोती. सीटची उंची ८०० मिलिमीटर आणि माझी पाच फूट एक इंच. यावरून काय ते समजा. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची.

गाडी घेतली मुलानं, २०२३ च्या डिसेंबरात, स्वतःच्या पगारातून. घेतली तेव्हा मीच सर्वांत जास्त भांडले होते. ‘असल्या गाड्यांवर पोरं जातात रे,’ म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. वर्षभरात त्याला परदेशात नोकरी लागली आणि २०२४ च्या डिसेंबरात तो निघाला. गाडीचं काय करायचं? हे म्हणाले, ‘गिऱ्हाईक बघू.’ आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, ‘विकू नका. मी चालवीन.’

हे हसले. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, ‘आई, खरंच?’

खरंच होतं. मैत्रिणींनो, ती हौस नव्हती. त्यामागे दोन कारणं होती. एक माझ्या कामाचं, एक माझ्या आईचं.

आमची बार्शी तालुक्याची जागा. इथून आसपासच्या खेड्यांत बचत गटांच्या कामाला मी पंधरा वर्षं जाते. जाणं एसटीनं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा फार आधार झाला, हे मोकळेपणानं सांगते. पण अर्ध्या तिकिटानं खर्च कमी झाला, वेळ मात्र एसटीचीच राहिली. शेवटची गाडी साडेपाचला. म्हणून गटाची बैठक दुपारी दोनला. आता तुम्हीच सांगा, दुपारी दोनला कुठली बाई गावात सापडते? ती असते रानात, खुरपायला. बैठकीला यायच्या त्या घरी बसू शकणाऱ्या बायका. जिला कर्जाची खरी गरज ती कधी दिसायचीच नाही. इतकी वर्षं मी समजत होते, या बायकांना गटात रस नाही. खोट माझ्या घड्याळात होती.

मग स्कूटीवर का नाही गेलात, असं कुणीही विचारील. गेले ना. पण स्कूटीची चाकं लहान, दहा-बारा इंचांची. गावातल्या डांबरावर ठीक, खेड्याच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक गेलं की हँडल हातातून सुटतं. मोटरसायकलचं चाक सतरा इंचांचं. तोच खड्डा ते ओलांडून जातं. शिवाय २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस लागतो. म्हणजे घाबरून ब्रेक जोरात दाबला तरी चाक एकदम जाम होत नाही, घसरण्याची भीती कमी होते. मला इंजिनाच्या ताकदीशी फारसं देणंघेणं नव्हतं. मला हवी होती मोठी चाकं आणि भरवशाचे ब्रेक.

‘बायकांची गाडी’ हा प्रकार तरी कसा ठरला, याचा मी या वर्षात बराच विचार केला. १९७२ साली लूना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली, पुढे २००१ च्या सुमाराला अ‍ॅक्टिव्हा आली. या गाड्यांनी आपल्या आयांना आणि आपल्याला घराबाहेर काढलं, त्यांचे उपकारच आहेत. त्यांची रचना बघा. पुढे पाय ठेवायला मोकळी जागा, मध्ये पेट्रोलची टाकी नाही, त्यामुळे साडी नेसूनही बसता येतं. मोटरसायकलला टाकी मध्ये. पाय पलीकडे टाकल्याशिवाय बसताच येत नाही. म्हणजे कपड्यावरून गाडी ठरली आणि गाडीवरून अंतर ठरलं! भाजी मंडई, मुलांची शाळा, फार तर भगवंताचं मंदिर. गावाची वेस ओलांडायची तर ‘ह्यांना’ विचारायचं, कारण वेशीपलीकडे जाणारी गाडी ‘ह्यांची’.

आणि बायकांना गियर जमत नाही हे कुणी ठरवलं? बजाजची डॉमिनार ही मोठी मोटरसायकल २०१६ साली चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा ती जोडणारी तुकडी सगळी मुलींची असल्याची बातमी आली होती. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘बाइकरनी’ हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू केला. २०२३ साली रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. मी काही जगाला निघाले नव्हते. मला तीस किलोमीटरवर जायचं होतं. तेवढ्यालाही धीर लागतोच की.

शिकले कशी, ते सांगते. आमच्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना चारचाकी शिकवतात, स्कूटी शिकवतात. मोटरसायकल शिकवायला कुणी तयार नाही. मुलानं जायच्या आधी पंधरा दिवस पहाटे कॉलेजच्या मैदानावर नेलं. आधी ह्यांच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर क्लच आणि गियर, मग ही. माझ्याकडे लायसन होतं ते विनागियर दुचाकीचं. अनेकींना हे माहीतच नसतं, पण त्या लायसनवर गियरची गाडी चालवता येत नाही. पुन्हा लर्निंग काढावं लागलं, महिनाभर थांबावं लागलं आणि मग परीक्षा. आठचा आकडा काढायला उभी राहिले, तर तिथले साहेब म्हणाले, ‘मॅडम, स्कूटी आणायची होती. उगीच पडाल.’ पाय न टेकता आठ काढला. उतरल्यावर मात्र पाय लटलटत होते, ते त्यांना दिसू दिलं नाही.

पडले नाही असं नाही. पहिल्याच महिन्यात पेट्रोल पंपावर उभ्या गाडीवरून पडले. पाय टेकला तिथे उतार होता, गाडी कलली, साडेतीन पोती मी काय सावरणार! चार माणसं धावली. लाजेनं मेल्यासारखं झालं. त्या रात्री मुलानं फोनवर गाडी उचलायची रीत सांगितली. गाडीकडे पाठ करायची, सीटला कंबर टेकवून खाली बसायचं, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची दांडी धरायची आणि पाठीनं नव्हे, मांड्यांच्या जोरावर मागे ढकलत उठायचं. गाडी गियरमध्ये असावी म्हणजे घसरत नाही. अंगणात तीनदा आडवी करून तीनदा उचलली. ताकदीपेक्षा रीत महत्त्वाची, हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. पाण्याचे हंडे डोक्यावर घेताना आपण हेच तर करत आलो!

बोलणारे बोललेच. साडी सोडून पँट-कुर्ता, वर जॅकेट, पायात बूट. ओढणी नाहीच, कारण ती चाकात नाहीतर चेनमध्ये अडकली तर जिवावर बेततं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘वहिनी, घरात गडीमाणूस नाही का?’ गल्लीतली पोरं मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूची. ‘काकू, किती पळते?’ म्हणून विचारतात. मी सांगते, ‘साठ.’ ती हिरमुसतात. पण खरंच, मी साठच्या वर नेत नाही. अंधार पडल्यावर पन्नाससुद्धा नाही. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरची पट्टीही नसते. समोरून येणाऱ्याच्या प्रखर दिव्यात ती ट्रॉली दिसतच नाही. दूर अंधाराचा एक ठोकळा दिसला की मी आधीच वेग तोडते.

आता बैठका संध्याकाळी सातला होतात. रानातून आलेल्या, चूल पेटवून आलेल्या बायका येतात. एका गावात बाराच्या जागी एकोणतीस जणी बसल्या, तेव्हा मला जागा करून द्यायला दोघी उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

आता दुसरं कारण.

माझं माहेर परंड्याजवळ. बार्शीपासून तीस-पस्तीस किलोमीटर. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात मनात आलं आणि गेले असं एकदाही झालं नाही. ह्यांना सवड हवी, एसटीची वेळ हवी, इथलं सगळं आवरलेलं हवं. दोन वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. वहिनी सगळं मनापासून करायची, तक्रारीला जागा नाही. पण आईला लेक हवी होती, आणि लेक येणार दिवाळीला, नाहीतर कुणाच्या गाडीत जागा असली तर.

२०२५ च्या फेब्रुवारीपासून मी दर मंगळवारी गेले. सकाळी आठला निघायचं, नऊला तिथे. आईला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, नखं कापायची, जेवू घालून दुपारी निघायचं. चारला घरी. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी आई घाबरली. ‘एवढी मोठी धूड? जावईबापूंना चालतं का गं?’ दुसऱ्या महिन्यात तिनं खाट दाराशी सरकवून घेतली. गाडीचा आवाज वळणावर आला की वहिनीला सांगायची, ‘चहा टाक, आली.’

सप्टेंबरात सीनेला पूर आला. परंडा, भूम, इकडे करमाळा, माढा सगळीकडे हाहाकार, ते तुम्ही वाचलंच असेल. त्याच दिवसांत आई गेली. रस्ते बंद, ओढ्यांवरून पाणी. कितीही मोठी गाडी असली तरी पाण्यापुढे काय चालणार? मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. शेवटच्या घडीला मी नव्हते. पण त्याआधीचे सत्तावीस मंगळवार मी होते. या गाडीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हे सत्तावीस मंगळवार सांगते.

आता वर्षाचा हिशेब. घरखर्चाची वही ठेवणारी बाई मी, त्यामुळे आकडे पक्के. वर्षात सहा हजार आठशे किलोमीटर झाले. लिटरला सरासरी एकतीस. पेट्रोलचे तेवीस हजार, दोन सर्व्हिसिंगचे सात, विम्याचे साडेपाच, चेनचं ऑइल, पंक्चर असं किरकोळ अडीच. एकूण अडतीस हजार. महिन्याला तीन हजारांच्या वर. ही रक्कम लहान नाही, आणि स्कूटीपेक्षा खर्च नक्कीच जास्त. मंडईला ही गाडी अगदी निरुपयोगी. पिशवी अडकवायला हूक नाही, डिकी नाही, पायांशी गॅसचा सिलिंडर ठेवायचं तर नावच नको. गर्दीत हळू चालवताना इंजिनाची धग पायांना लागते. दर पाचशे-सातशे किलोमीटरला चेन पुसून ऑइल द्यावं लागतं, ते मी रविवारी अंगणात बसून करते. म्हणून ‘सगळ्यांनी मोटरसायकली घ्या’ असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या उंचीला, कामाला, खिशाला झेपेल ती घ्या. स्कूटी तर स्कूटी.

पण एक गोष्ट मात्र हट्टानं सांगणार आहे. गाडी कुठलीही असो, तिची कागदपत्रं काढून बघा. आरसी बुकावर नाव कुणाचं आहे?

हा मानापमानाचा प्रश्न नाही. आमच्या गटातल्या एका ताईंचा अपघात झाला. गाडी रोज त्याच चालवायच्या, पण होती नवऱ्याच्या नावावर. अपघातात त्यांचा पाय गेला. विम्याबरोबर पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला मिळतं. पण ते असतं मालक-चालकाला, म्हणजे जिच्या नावावर गाडी आहे आणि जिच्याकडे चालू लायसन आहे तिला. ताई मालक नव्हत्या. हातात काही आलं नाही. रोज चालवणारी ती, संरक्षण त्याचं! हे आपण कधी वाचतच नाही, कारण कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे.

मुलाकडून गाडी माझ्या नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरले. नुसतं तेवढ्यावर भागत नाही. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुनी गाडी घेणारे हे हमखास विसरतात. आणखी एक. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा मिळतो, म्हणून पाच वर्षं निश्चिंत, असं लोक समजतात. तो विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपली गाडी मोडली किंवा चोरीला गेली तर भरून देणारा भाग बहुधा वर्षाचाच असतो. मला परवा आलेला मेसेज त्याचाच. पहिलं वर्ष संपलं की पीयूसीही लागते.

आणि मागे बसणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगायचं आहे. आपल्याकडे घरटी एक हेल्मेट, तेही आरशाला लटकवलेलं. कायद्यानं ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणारीलाही सक्तीचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलांनाही. घ्याल तर आयएसआय शिक्क्याचंच घ्या. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन, हातात पिशवी धरून आपण बसतो आणि पांढरे पट्टे नसलेल्या गतिरोधकावर उडून पडतो. मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत जाळी, धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा असलीच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. पोरं ‘लूक’ बिघडतो म्हणून जाळी काढून टाकतात. तुमच्या पदरापेक्षा लूक मोठा आहे का, हे एकदा घरात विचारा.

ह्यांचं काय झालं, असं तुमच्या मनात आलं असेल. पहिले दोन महिने अबोला नव्हता, पण बोलणंही नव्हतं. मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. तपासणीला जायचं होतं. रिक्षा बघतो म्हणाले. मी दुसरं हेल्मेट पुढे केलं. भर बाजारातून ते माझ्या मागे बसून आले. पहिल्या चौकात मान खाली होती. तिसऱ्या चौकात ओळखीचे कुणी भेटले तर स्वतःच हात वर करून म्हणाले, ‘चला, येता का? ड्रायव्हर चांगली आहे.’

आई गेल्यावरही मी मंगळवारी माहेरी जाते. रोजची नाही, महिन्यातून एखाद्या. गेल्या खेपेला निघताना वहिनी गाडीपाशी आली. सीटवरून हात फिरवत हळूच म्हणाली, ‘वन्सं, मला शिकवाल?’

दारात भावाची गाडी उभी होती. मी विचारलं, ‘ही कुणाच्या नावावर आहे?’

‘त्यांच्याच की.’

‘ते मी दादाशी बोलते. आधी तुझं लर्निंग काढू. आधार कार्ड कुठंय?’

वहिनी म्हणाली, ‘कपाटात.’

‘आणि कपाटाची किल्ली?’

ती हसली, कमरेला हात लावला आणि आत गेली.